पेटीची नाकपुडी

दारव्ह्यात कोणाच्या घरी बादली गळत असेल तर ती माझी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगत असे. सांगत असे म्हणजे काय, ओरडत असे. बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं पत्र्याचं दुकान आहे. आधी वडिलांचं होतं, आता माझं. धान्याच्या कोठ्या, लग्नाच्या ट्रंका, बादल्या, चाळण्या, नरसाळी, पत्र्याचं म्हणून जे काही असतं ते सगळं. चाळीस वर्षांत कोणी गिऱ्हाईक 'निजामभाई, हे गळते' म्हणत आलं, की मी आधी त्याच्याशी भांडायचो आणि मग वस्तू बघायचो. बहुतेक वेळा वस्तू दुसऱ्याच दुकानातली निघायची. त्यामुळे स्वभाव सुधारायची माझ्यावर कधी वेळच आली नाही.

माझी बायको गौहर म्हणते, तुमचं डोकं म्हणजे पत्रा आहे, लवकर तापतो आणि लवकर निवतो. त्यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसरं ती माझी समजूत काढायला म्हणते.

दोन हजार सात सालची गोष्ट. आमची धाकटी आरजू तेव्हा कृषी विद्यापीठात पीएचडी करत होती, मातीवर. मे महिन्याच्या उन्हात ती घरी आली आणि पाणीसुद्धा न पिता दुकानात येऊन उभी राहिली.

"अब्बा, मले बारा पेट्या पाह्यजे. चौकोनी, गुडघ्याएवढ्या. बुडाशिवाय."

"बूड नसन तं पेटी कशी? ते झाकण झालं."

"झाकणच हाय. जमिनीवर ठेवाचं."

"जमिनीले झाकण? काहून, जमीन उतू जाऊन राह्यली का?"

"तेच तं मोजाचं हाय," ती म्हणाली आणि हसली.

मग तिने कागदावर चित्र काढून समजावलं. जमिनीतून सारखी हवा सुटत असते, वेगवेगळ्या जातीची, आणि तीच हवा वर जाऊन दुनिया तापवते. जमिनीत एक लोखंडी चौकट रोवून ठेवायची. चौकटीला वरून पन्हाळीसारखी खोबण असते, तिच्यात पाणी भरायचं. पेटी त्या पाण्यात उपडी ठेवली, की बाहेरची हवा आत नाही आणि आतली बाहेर नाही. पेटीच्या डोक्यावर इंजेक्शनच्या बाटलीला असतं तसं रबरी बूच. त्यातून सुईने दर दहा मिनिटांनी थोडी हवा ओढायची, काचेच्या बाटलीत भरायची आणि विद्यापीठातल्या यंत्राकडे न्यायची. अर्ध्या तासात पेटीत हवा किती साचली, त्यावरून जमीन किती सोडते ते कळतं.

मला काम आवडलं. पण ऐन लग्नसराई होती, ट्रंकांची गर्दी. आठ पेट्या मी केल्या. उरलेल्या चार माझ्या धाकट्या भावाने, जमीरने करून दिल्या. जमीर माझ्याच दुकानात शिकला आणि मग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथे मशीन पत्रा वाकवते आणि मशीनच सांधा मारते. त्याच्या पेट्या आल्या तेव्हा मी बोटाने वाजवून पाहिल्या आणि म्हणालो, "चालतीन कामचलाऊ." जमीरने मान डोलावली. माझ्याशी वाद घालायचा नाही, एवढी अक्कल त्याच्यात लहानपणापासून आहे.

आरजूची जागा बोरखेडीला होती, दिग्रसच्या रस्त्याने काळीपिवळीत बसून फाट्यावर उतरायचं आणि पुढे पायी. तिथे जुन्या तलावाच्या पाळीखाली विठ्ठलरावांची शेती आहे. पाळीतून बारा महिने पाणी झिरपतं, म्हणून खालची जमीन कायम ओली. आपल्याकडे असल्या जमिनीला चिभड म्हणतात. तिथे लव्हाळा उगवतो, मरतो, पाण्यातच पडून राहतो आणि नीट कुजत नाही. असं कैक पिढ्या चाललेलं. फावडं मारलं की चहाच्या चोथ्यासारखा काळा मऊ थर लागतो. बाहेर देशात अशा जमिनी मैलोनमैल आहेत म्हणे. आपल्याकडे असा तुकडा सापडला, याचंच आरजूला आणि तिच्या विद्यापीठातल्या मॅडमना नवल होतं.

तुकडा एकच, पण त्याचे तीन भाग झालेले. एक भाग होता तसाच ओला. दुसऱ्यात विठ्ठलरावांनी दहा वर्षांपूर्वी चर खणून पाणी काढलं आणि कापूस लावला. मधला भाग ना धड ओला ना कोरडा, त्यात गवत, आणि गवतात त्यांच्या म्हशी. ओली असली की ही जमीन मिथेन सोडते, पण काळा थर जागेवर राहतो. शिवाय लव्हाळा वाढताना हवेतला कार्बन ओढून घेतो. कोरडी केली की मिथेन थांबतं, पण तोच थर हळूहळू हवेत उडून जातो. कोणतं किती, हे आपल्याकडे कोणी मोजलं नव्हतं. ते आरजू मोजणार होती.

"उडून जाते हे खरं हाय," विठ्ठलराव म्हणाले. "ते कापसाचं वावर दहा वर्सात इतभर खाली बसलं, निजामभाई. धुऱ्यावरचा दगुड उघडा पडला. मले वाटे रातच्याले कोनी माती चोरून नेते."

ती कापसाची वाईट वर्षं होती. जिल्ह्यात रोज कोणती तरी गाडी यायची, वही-पेनवाली माणसं उतरायची, फॉर्म भरून घ्यायची आणि धूळ उडवत निघून जायची. आरजू पहिल्यांदा वही घेऊन बोरखेडीत उतरली, तेव्हा पारावरच्या माणसांनी न विचारताच सातबारा आणून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, मला कागद नको, मला तुमची चिभड पाहायची आहे. विठ्ठलरावांच्या घरच्या इंदुताई ही गोष्ट अजून सांगतात आणि दरवेळी तितक्याच हसतात. "सारे आमालेच इचारत, किती पिकलं, किती बुडालं. हे एकच पोट्टी अशी आली का जिनं वावराले इचारलं."

पेट्या ठेवायच्या दिवशी मीही गेलो होतो. आरजू चार-चारचे तीन गट करत होती, आणि माझ्या व जमीरच्या पेट्या मिसळायला लागली. मी हात धरला.

"हे काय करून राह्यली? माह्या पेट्या चिभडीत ठेव आन् गवतात ठेव. अवघड जागा हाय, पानी, चिखल. जमीरच्या कापसात चालतीन. तिथं काय, कोरडी जमीन."

"अब्बा, मिसळून ठेवल्या तं बरं असते."

"चाळीस वर्सं मी पत्रा कापून राह्यलो का तू?"

तिने माझं ऐकलं. बाप हट्टाला पेटला की आमच्या घरात सगळे ऐकतात. त्याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

पुढचे नऊ महिने फार सुखाचे गेले. दर दहा दिवसांनी आरजू दारव्ह्याला यायची, एक मुक्काम करायची आणि सकाळी बोरखेडीला जायची. काम नसेल तेव्हा मी सोबत जायचो. ती घड्याळ लावून सुई टोचत फिरायची. मी धुऱ्यावर विठ्ठलरावांसोबत बसायचो. इंदुताई चहा पाठवायच्या. पेट्या वापरून झाल्या की त्यांच्याच गुरांच्या कोठ्यात, म्हशींच्या दावणीपलीकडे, रांगेने ठेवलेल्या असत.

"आरजूबेटा," विठ्ठलराव एकदा ओरडले, "एक डबा आमच्या म्हशीवर बी ठेव नं. ते बी लय हवा सोडते."

"तिच्यावर दुसरे लोकं काम करून राह्यले, काका," ती चिखलातूनच म्हणाली. विठ्ठलरावांना वाटलं ती थट्टा करते आहे. ती खरंच सांगत होती.

इतकी वर्षं मला वाटायचं, पोरीचं आणि माझं काम म्हणजे दोन दुनिया. आता माझ्या हातचा पत्रा आणि तिच्या हातची सुई एकाच ठिकाणी होती. गावात कोणी भेटलं की मी विषय काढायचोच. जमीनसुद्धा श्वास घेते, हे दारव्ह्यातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना माझ्यामुळे माहीत झालं. उरलेल्या निम्म्यांनी दुकान बदललं असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी विद्यापीठातून मॅडमचा फोन आला. आरजू अंगणात उभी राहून बोलत होती. 'हो मॅडम', 'नाही मॅडम' एवढंच ऐकू येत होतं. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

तिने जे सांगितलं ते असं. नऊ महिन्यांचे आकडे यंत्रातून निघाले होते. कापसाच्या जमिनीचे आकडे मोठे, तिथपर्यंत ठीक. पण चिभडीतून मिथेन जवळपास नाहीच, आणि गवताच्या जमिनीतून काहीच नाही म्हटलं तरी चालेल. मॅडम म्हणाल्या, दलदलीतून मिथेन निघत नाही हे मी कोणाला सांगू? एक तर तुझा हात चुकतो आहे, नाहीतर पेटी. मी गुरुवारी स्वतः येऊन पाहते. हात चुकत असेल तर हे सगळे आकडे रद्द करावे लागतील. आणि आकडे रद्द झाले तर नव्याने वर्ष काढायला मुदत उरलेली नव्हती. म्हणजे पीएचडी गेली.

'नाहीतर पेटी' हे शब्द ऐकले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पेटी? माही पेटी? तुह्या मॅडमले म्हनाव, दारव्ह्यात येऊन कोनालेबी इचार!"

"अब्बा, तुमी कायले चिडता? मी पेटीचं म्हटलंच नाई." ती खाली मान घालून म्हणाली, "माहाच हात चुकत असन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी आलो, तर ती मोरीपाशी बसलेली. समोर पाण्याची बादली, माझीच. सुईने पाणी ओढायची, थांबायची, सोडायची, पुन्हा ओढायची. हात हलतो का ते पाहत होती. पोर चार वर्षांची असल्यापासून मी तिला कोणत्याही कामाला घाबरताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ती स्वतःच्या हाताला घाबरत होती.

ठरवलं, मॅडम यायच्या आत आपणच बोरखेडीला जायचं. सगळ्या पेट्या तपासून ठेवायच्या आणि मॅडमसमोर सिद्ध करायचं की पत्र्यात दोष नाही. त्याने आरजूचा दोष आणखी पक्का होईल, हे माझ्या तापलेल्या डोक्यात आलंच नाही.

गुरुवारी पहिल्या काळीपिवळीने निघालो. पिशवीत शेगडी, कोळसे, डाख द्यायची कांडी, कथील, नवसागर. कुठे एखादा सांधा सुटला असेल तर लगेच डाख देता यावा म्हणून. मॅडम आणि आरजू दुपारी बाराला येणार होत्या. विठ्ठलराव दिग्रसच्या बाजाराला गेलेले. इंदुताईंनी परात दिली, देवाजवळचा ऊद दिला. मी परातीत पाणी भरलं, मध्ये वाटीत निखारे ठेवले, त्यावर ऊद टाकला आणि वरून सात नंबरची पेटी उपडी ठेवली. धूर आत कोंडला. आता कुठून फट असेल तर धूरच सांगणार.

चारही सांधे कोरडे ठणठणीत. कोपरे ठणठणीत. बुचाजवळही काही नाही. मी खूश होऊन विडी काढली. आणि मग पेटी उचलायच्या कडीच्या पट्टीखालून एक बारीक धुराची रेघ वर चढताना दिसली.

मी विडी पेटवलीच नाही. ती रेघ नाकपुडीतून येत होती.

आमच्या दुकानाची ही जुनी पद्धत. बंद होणारी कोणतीही वस्तू, मग कोठी असो की ट्रंक, तिला एक नाकपुडी ठेवायची. कडी बसवायच्या आधी टोच्याने एक भोक पाडायचं, सुतळी जाईल एवढं. म्हणजे धान्याला कुबट वास येत नाही, कपड्यांना बुरशी धरत नाही. वरून कडीची पट्टी येते, त्यामुळे पाणी आत जात नाही आणि कोणाला दिसतही नाही. यवतमाळहून लोक ट्रंक घ्यायला दारव्ह्याला येतात ते या भोकासाठी, त्यांना माहीत नसलं तरी. वडिलांनी मला हे दहाव्या वर्षी शिकवलं. तेव्हापासून कडी लावायच्या आधी माझा हात टोचा उचलतो, भोक पाडतो आणि टोचा खाली ठेवतो. डोक्याला कोणी विचारत नाही. आरजूच्या आठ पेट्यांनाही हाताने आपलं काम चोख केलं होतं. जमीरच्या कारखान्यातल्या मशीनला असलं काही शिकवलेलं नव्हतं.

आणि दुकानात मुलींनी बसायचं नाही, हा नियमही माझाच. आरजू कधी तिथे बसली असती तर तिला ही नाकपुडी माहीत असती.

नऊ महिने चिभडीची आणि गवताची हवा माझ्या हाताने पाडलेल्या भोकांतून निघून जात होती, आणि पोर घरी बादलीतलं पाणी ओढून स्वतःचा हात तपासत होती.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. शेगडी पेटलेली होती. आठ भोकं, आठ थेंब कथील. वर कडीची पट्टी. कोणाला काही कळलं नसतं. मॅडमनी येऊन पाहिलं असतं तर पेट्या बिनगळतीच्या, दुकानाचं नाव शाबूत, चाळीस वर्षांचा माझा आवाज शाबूत. मी खोटं कशाला लिहू? मी कांडी तापवली, नवसागरावर फिरवली आणि सात नंबरच्या पेटीची नाकपुडी बुजवली. एका मिनिटाचं काम.

मग दोन नंबरची उचलायला गेलो, तर तिच्यावर आरजूची वही ठेवलेली. ती एक वही इथे कोठ्यातच ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. मी ती बाजूला करताना प्लॅस्टिक सुटलं आणि वही उघडली. वाचायचा इरादा नव्हता. पण पहिलीच ओळ दिसली, 'पेटी ४. सुई उशिरा काढली, चौदा मिनिटं झाली. माझी चूक, हे धरू नये.' पुढच्या पानावर, 'बाटली हातातून निसटली. माझी चूक.' आणखी पुढे, 'पेटी ११, पाय घसरून चौकट हलली. माझी चूक.' पानोपानी असं. आमच्या घरात हे दोन शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते, निदान माझ्या तरी नाही.

ऑक्टोबरच्या एका पानावर माझी नजर थांबली. तिथे लिहिलं होतं, 'पेटी ७, आकडे फार कमी. गळती असेल का?' त्यावर एक सरळ रेघ मारलेली. खाली लिहिलं होतं, 'नाही. अब्बांच्या पेट्या आहेत. माझाच हात चुकत असेल.'

मी ते पुन्हा वाचलं. मग शेगडीजवळ खाली बसलो. माझी मला इतकी लाज वाटली की इंदुताई चहा घेऊन आल्या तेव्हा मान वर करवेना.

"काय झालं, भाऊ? चटका बसला का?"

"हो, ताई," मी म्हणालो. "उशिरा बसला."

त्या चहा ठेवून गेल्या. मी कांडी पाण्यात बुडवून थंड केली, चहा घेतला आणि बाराची वाट पाहत बसलो.

मॅडम माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुऱ्या निघाल्या, पायात बूट, डोक्याला रुमाल. आरजू त्यांच्यामागून येत होती. मला पाहून ती दचकली. "अब्बा, तुमी इथं?"

मी उठून उभा राहिलो. जे बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, पण ऐन वेळी सगळं विसरलो. म्हणून सरळच सांगितलं.

"मॅडम, पोरीचा हात चांगला हाय. पेट्या गळतात. आठ पेट्या माह्या हाय, आठही गळतात. मी सोता भोक पाडलं हाय."

आरजूने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परकी भाषा बोललो. मी नाकपुडीचं सगळं सांगितलं, वडिलांपासून. मॅडमनी दोन नंबरची पेटी उचलली, उलटी केली, आतून बोट फिरवलं आणि भोक सापडल्यावर थांबल्या.

"तुम्ही बुजवली का भोकं?" त्यांनी विचारलं.

"एक बुजवली. सात नंबरची. लपवासाठी बुजवली होती."

"बाकीच्या सातांना हात लावला नाही?"

"नाई."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि तिथेच चाऱ्याच्या पेंढीवर बसल्या. "मग हरकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आठही बुजवल्या असत्या तर हे नऊ महिने गेलेच होते. काय बिघडलं होतं, ते आम्हाला कधी कळलंच नसतं. आता कळलं आहे. ही भोकं सगळी एकाच हत्याराने पाडली ना?"

"एकाच टोच्यानं. माह्या वडलाचा हाय."

"म्हणजे सगळी सारखी." मग त्या आरजूकडे वळल्या. "एकाच जागी शेजारी शेजारी दोन पेट्या ठेव, एक भोकाची, एक बिनभोकाची. उन्हात, वाऱ्यात, सगळ्या वेळी. भोकातून किती जातं ते कळेल. मग जुने आकडे दुरुस्त करता येतील. सगळे नाही, वाऱ्याच्या दिवसांचे सोडून द्यावे लागतील. पण बरेचसे वाचतील."

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सात नंबरची नाकपुडी मी तिथल्या तिथे पुन्हा मोकळी केली. कथील निवलं होतं, काढायला बुजवण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आरजूने वही काढली. ऑक्टोबरचं तेच पान उघडलं. मारलेल्या रेघेखाली तिने लिहायला घेतलं आणि मी खांद्यावरून वाचलं. 'शंका आली होती, पण तपासलं नाही. माझी चूक.'

"हे काय लिवून राह्यली?" मी म्हणालो. "भोक मी पाडलं. चूक माही हाय."

"भोक तुमचं हाय, अब्बा. रेघ मी मारली."

"मी म्हनतो माही हाय!"

"आन् मी कुठं तुमची नाई म्हनते? पण हे माही हाय."

असे आम्ही बापलेक त्या कोठ्यात चुकीवरून भांडत होतो, ती आपल्याकडे ओढत, आणि म्हशी मान वळवून बघत होत्या. इंदुताई दारात पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "दोन्ही लिहा आणि कामाला लागा." आरजूने पेन माझ्याकडे दिलं. तिच्या ओळीखाली मी लिहिलं, 'नाकपुडी ठेवली. माझी चूक.' खाली सही केली, निजामुद्दीन.

मग आरजू म्हणाली, "अब्बा, आता सगळ्या पेट्या मी तपासते. सांधे, कोपरे, बूच, सगळं. जमीरचाच्याच्या बी आन् तुमच्या बी."

"सांधे मी सकाळीच..." एवढं तोंडातून निघालं आणि मी थांबलो.

तिने परातीत नवीन पाणी भरलं, वाटीत ऊद टाकला आणि पहिली पेटी उपडी ठेवली. वाकून प्रत्येक सांधा पाहिला, बोट फिरवलं, वास घेतला, वहीत लिहिलं. चाळीस वर्षांत माझ्या कामावर असा संशय कोणी घेतला असता तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. आता माझीच पोर माझ्या समोर माझा सांधा न् सांधा तपासत होती, कसलीच भीडभाड न ठेवता, आणि मला इतका आनंद होत होता की डोळे भरून आले. ते उदाच्या धुराने, असं मी इंदुताईंना सांगितलं.

मी शेगडीपाशी बसून निखारे फुंकत होतो. "अब्बा, पुढची," ती म्हणायची, आणि मी पुढची पेटी तिच्या हातात द्यायचो.